हत्तीरोगाचे काम नव्याने हाती घेताना: रक्तनमुना, गोळी, पाय आणि डास

पूर्व विदर्भातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तंत्रज्ञ, आरोग्य सेवक, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालात की हत्तीपायाचा पहिला रुग्ण भेटायला फार दिवस लागत नाहीत. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा या रोगाचा जुना पट्टा. मराठवाड्यात नांदेड-लातूर, खाली सोलापूर, कोकणात ठाणे आणि सिंधुदुर्ग इथेही तो नवा नाही.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की बसवा. ज्याचा पाय खांबासारखा झाला आहे त्याच्या रक्तात बहुतेक वेळा जंतू सापडतच नाहीत. जंतू सापडतात ते धडधाकट दिसणाऱ्या, कसलीही तक्रार नसलेल्या माणसाच्या रक्तात, आणि डासाला जंतू मिळतात ते त्याच्याकडून. म्हणजे गावात तुम्हाला दोन वेगळ्या याद्या करायच्या आहेत: एक सुजलेल्या पायांची आणि अंडवृद्धीची, दुसरी जंतुधारकांची. दोन्ही याद्यांत क्वचितच एकच नाव येते. पहिल्या यादीतल्या माणसाला काळजी आणि शुश्रूषा हवी, दुसऱ्या यादीतल्या माणसाला गोळ्या. या दोघांची गल्लत झाली की गोळ्या सुजलेल्या पायावर खर्ची पडतात आणि प्रसार चालूच राहतो.

कृमीचे वेळापत्रक

भारतातले जवळजवळ सगळे रुग्ण वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय या कृमीचे. केरळच्या किनारपट्टीवर ब्रुगिया मलायी ही दुसरी जात आढळते. प्रौढ कृमी दोऱ्यासारखे बारीक असतात. मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब, नर साधारण ४. ते लसिकावाहिन्यांत (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांत) घरटे करून ५ ते ८ वर्षे जगतात. मादीने सोडलेली सूक्ष्म पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुफ्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री बोटाच्या टोकापर्यंतच्या रक्तात येतात. रात्री १० ते २ हा त्यांचा भर. आपल्याकडचा वाहक क्युलेक्स क्विन्क्विफॅसिएटस डासही रात्रीच चावतो, म्हणून हे दोघांचे जुळते.

डासाच्या पोटात गेल्यावर पिल्लू छातीच्या स्नायूंत शिरते, दोनदा कात टाकते आणि १० ते १४ दिवसांत तिसऱ्या अवस्थेतली संसर्गक्षम अळी होऊन सोंडेकडे येते. इथे हिवतापाशी मोठा फरक आहे. हिवतापाचा परजीवी डासात हजारोंनी वाढतो. हत्तीरोगाचा कृमी वाढत नाही. जितकी पिल्ले गेली, जास्तीत जास्त तितक्याच अळ्या निघतात. शिवाय ही अळी सुईतून टोचावी तशी आत जात नाही. डास चावताना ती कातडीवर पडते आणि चाव्याच्या भोकातून आत सरकते. त्यामुळे एका चाव्याने सहसा काही होत नाही. वर्षानुवर्षे, शेकडो-हजारो चावे झाल्यावर संसर्ग पक्का होतो, आणि त्यानंतरही रक्तात पिल्ले दिसायला साधारण ८ ते १२ महिने जातात.

या संथपणातच आपली संधी आहे. प्रौढ कृमी जिवंत असेपर्यंतची काही वर्षे गावातल्या लोकांच्या रक्तातली पिल्ले इतकी कमी ठेवता आली की डासाला ती मिळूच नयेत, तर जुने कृमी म्हातारे होऊन मरतात आणि साखळी आपोआप तुटते. पुढे सांगितलेली गोळ्यांची मोहीम याच हिशेबावर उभी आहे. (टिमथी लुईस यांनी माणसाच्या रक्तात ही पिल्ले पाहिली ती १८७२ मध्ये कोलकात्यात, आणि पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाच्या अंगात त्यांची वाढ पाहिली १८७७ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर. डास माणसाचा रोग वाहतो हे हिवतापाआधी हत्तीरोगाने दाखवून दिले.)

रात्रीचा रक्तनमुना

आपल्या कार्यक्रमात नमुने रात्री साडेआठ ते बारा या वेळेत घेतात. साडेआठच्या आधी घेतलेला नमुना निर्दोष निघाला तर त्याला अर्थ नाही. गावात लवकर निजानीज होते म्हणून सातला काम सुरू करून साडेनऊला आवरण्याचा मोह होतो, तो टाळा. एकच अपवाद लक्षात ठेवा. जो माणूस कायम रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो, त्याच्या रक्तातली पिल्लेही हळूहळू उलट वेळ पकडतात. कारखान्यातल्या किंवा वीजकेंद्रातल्या कामगाराला विचारा, झोपता कधी? त्याच्या झोपेच्या वेळेत नमुना घ्या.

सोबत घ्यायचे सामान: धुऊन चरबीमुक्त केलेल्या काचपट्ट्या, निर्जंतुक लॅन्सेट, स्पिरिट, कापूस, २० मायक्रोलिटरच्या केशनळ्या, शिसपेन्सिल, झाकणाचा ट्रे, टॉर्च, नोंदवही, टोचणी टाकायचा पंक्चर न होणारा डबा. काचपट्टीवर क्रमांक शिसपेन्सिलने खरखरीत कडेवर किंवा हिरकणी पेन्सिलने लिहा. पेनाची शाई मिथेनॉलमध्ये उडते आणि मग तीस पट्ट्या कोणाच्या, हा प्रश्न कोणालाच सुटत नाही.

डाव्या हाताची अनामिका स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचले तर रक्त पसरते आणि पेशी फुटतात. बोटाच्या अगदी टोकावर टोचू नका, किंचित बाजूला टोचा. पहिला थेंब पुसून टाका. मग २० मायक्रोलिटरच्या तीन मापांनी एकूण ६० मायक्रोलिटर रक्त घेऊन पट्टीवर तीन समांतर रेषा ओढा. बोट पिळू नका. पिळल्याने पेशींबाहेरचा द्रव मिसळतो आणि जंतूंची संख्या खोटी कमी दिसते. हात गार असेल तर टोचण्याआधी चोळून गरम करा. थंडीत हे विसरले की केशनळी अर्धीच भरते आणि ‘अंदाजे’ रेषा ओढली जाते. अंदाजाच्या रेषेवरून घनता काढता येत नाही.

पट्टी सपाट ठेवून रात्रभर वाळवा, पण झाकून. मुंग्या, माश्या आणि झुरळे वाळलेले रक्त खाऊन टाकतात. सकाळी रेषेच्या जागी जाळीदार नक्षी उरते. पट्ट्या उन्हात किंवा दिव्याखाली वाळवू नका, उष्णतेने हिमोग्लोबिन घट्ट बसते आणि मग धुतले जात नाही. त्याच कारणाने धुणे आणि रंगवणे पुढे ढकलू नका. नागपूरच्या मे महिन्यात दुसऱ्याच दिवशी काम उरका; तीन दिवसांपलीकडे तर कुठल्याच ऋतूत जाऊ नका.

रंगवण्याचा क्रम असा. वाळलेली पट्टी स्वच्छ पाण्यात अलगद उभी बुडवा, लाल रंग निघून रेषा फिकट करड्या होईपर्यंत, साधारण पाच मिनिटे. नळाच्या धारेखाली धरली तर रेषाच सुटून वाहून जाते. पुन्हा वाळवा. मिथेनॉलमध्ये अर्धा ते एक मिनिट बुडवून स्थिर करा, वाळवा. गिम्सा या रंगद्रावणाचा एक भाग आणि ७.२ पीएचच्या बफर पाण्याचे ५० भाग असे ताजे मिश्रण करून त्यात साधारण ४५ ते ५० मिनिटे ठेवा. हिवतापाच्या पट्ट्यांसाठी वापरतो तो दाट, दहा मिनिटांचा गिम्सा इथे चालवू नका. पार्श्वभूमी गडद होते आणि पिल्लू त्यात हरवते. अनेक हिवताप प्रयोगशाळांत जेएसबी (जसवंत सिंग-भट्टाचार्जी) रंगच वापरतात, तोही चालतो. कुठलाही रंग असो, प्रत्येक तुकडीसोबत एक ज्ञात दूषित पट्टी रंगवा. तीत जंतू दिसले नाहीत तर त्या दिवशीच्या सगळ्या ‘निर्दोष’ पट्ट्या संशयित समजा.

आधी १० पट भिंगाखाली तिन्ही रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नांगरल्यासारख्या पाहा. एक जंतू दिसला म्हणून थांबू नका, सगळे मोजा. जात ओळखण्यासाठी ४० पट भिंग लावा. वुचेरेरियाची पिल्ले २४४ ते २९६ मायक्रोमीटर लांब, वळणे सुबक, शेपटीच्या टोकात केंद्रके नाहीत, आणि डोक्याकडची रिकामी जागा जितकी रुंद तितकीच लांब. ब्रुगिया मलायीचे पिल्लू आखूड, वळणे वेडीवाकडी, डोक्याकडची जागा रुंदीच्या दुप्पट लांब आणि शेपटीत दोन सुटी केंद्रके. दोन्हींवर आवरण असते. गिम्साने ब्रुगियाचे आवरण गुलाबी उठून दिसते, वुचेरेरियाचे बहुधा रंगतच नाही. म्हणून ‘आवरण दिसले नाही’ एवढ्यावर निर्णय देऊ नका.

नवख्यांना फसवणाऱ्या तीन गोष्टी: कापसाचा तंतू, बुरशीचा धागा आणि काचेवरचा ओरखडा. तंतूची जाडी कमी-जास्त असते आणि आत केंद्रकांची रांग नसते. ओरखडा वेगळ्याच पातळीवर स्पष्ट होतो. भिंग किंचित वर-खाली केले की कळते. केंद्रकांची रांग दिसेपर्यंत ‘दूषित’ लिहू नका.

हिशेब: दूषित माणसे भागिले तपासलेली माणसे गुणिले शंभर, हा एमएफ (मायक्रोफायलेरिया) दर. ३०० पैकी २ दूषित म्हणजे ०.६७ टक्के, ३ दूषित म्हणजे १ टक्का, आणि मोहीम थांबवायची की नाही याचा निकाल तिथे बदलतो. ६० मायक्रोलिटरमध्ये ६ जंतू मिळाले तर एका मिलिलिटरला १०० (६० ला १६.७ ने गुणले की १००० होतात). दर आणि घनता दोन्ही लिहा. दर तेवढाच राहून घनता घसरत असेल तर औषध काम करते आहे.

सगळ्यात मोठी चूक मात्र सूक्ष्मदर्शकाखाली होत नाही, दारात होते. रात्री नऊला घरी मुले आणि म्हातारी माणसे सहज मिळतात. कामावरून उशिरा येणारे, पानठेल्यावर बसलेले, शेतावर जागलीला गेलेले तरुण पुरुष मिळत नाहीत. जंतू असण्याची शक्यता नेमकी त्यांच्यात जास्त. तीनशेचा आकडा घरात सापडलेल्यांवर भरला तर दर खाली येतो आणि गाव सुटल्यासारखे वाटते. आधी वयोगटाप्रमाणे किती जण हवेत ते ठरवा, पोलीस पाटील आणि आशाताईंना दोन दिवस आधी कळवा, आणि चुकलेल्या तरुणांसाठी दुसरी रात्र राखून ठेवा. वीटभट्टी, बांधकाम आणि गिरणीवरच्या परप्रांतीय मजुरांच्या झोपड्या गावाच्या यादीत नसतात. त्या यादीत घाला.

दिवसा करायची पट्टी-चाचणी

प्रतिजन चाचणी रक्तातली पिल्ले शोधत नाही. जिवंत प्रौढ कृमी रक्तात सोडतात तो पदार्थ शोधते. म्हणून ती दुपारी बारालाही करता येते. आपल्या सर्वेक्षणांत सर्वाधिक वापरली गेलेली फायलेरिया टेस्ट स्ट्रिप बरोबर ७५ मायक्रोलिटर रक्त मागते. सोबतच्या नळीने तेवढेच घ्या आणि नमुन्याच्या पॅडच्या वरच्या भागावर हळूहळू सोडा. एकदम ओतले तर रक्त कडेने पुढे धावते आणि रेषा पुसट येते. घड्याळ लावा, १० व्या मिनिटाला वाचा. उशिरा वाचले तर नसलेली रेषा उमटते; अर्ध्या तासाने ‘आता दिसते आहे’ म्हणून नोंद बदलू नका. नियंत्रण रेषा नसेल तर चाचणी रद्द, नवी पट्टी घ्या. चाचणी रेषा कितीही पुसट असली तरी ती दूषितच. एका वेळी वाचता येतील इतक्याच पट्ट्या लावा. वीस एकदम लावल्या तर शेवटच्या पट्टीची वेळ गेलेली असते. नव्या पेट्या आल्या की प्रत्येक लॉटमधून दोन पट्ट्या ज्ञात नमुन्यावर तपासा.

या चाचणीच्या तीन मर्यादा आहेत. ब्रुगियाला ती ओळखत नाही. जुन्या हत्तीपायात ती अनेकदा निर्दोष येते, कारण कृमी केव्हाच मेलेले असतात. आणि उपचारानंतरही ती महिनोन्‌महिने, कधी वर्षेही दूषित राहते. म्हणून गोळ्यांचा गुण आला का, ते हिने ठरवू नका. ज्याची पट्टी दूषित आली त्याचा रात्रीचा नमुना घ्या. तो डासाला जंतू देतो आहे का, याचे उत्तर तिथे मिळते.

रात्री खोकल्याची ढास, दम लागल्यासारखे आणि रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ३००० च्या वर असा रुग्ण आला तर त्याच्या रक्तात पिल्ले सापडणार नाहीत. फुफ्फुसांनी ती अडवलेली असतात. असा रुग्ण दमा समजून वर्षानुवर्षे पंप ओढत बसतो. त्याला डीईसीने लक्षणीय उतार पडतो.

जंतुधारक सापडला, आता उपचार

डीईसी, म्हणजे डायइथिलकार्बामाझिन, किलोमागे रोज ६ मिलिग्रॅम, १२ दिवस. ५० किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम होतात: १०० ची एक गोळी तीन वेळा, जेवणानंतर, एकूण ३६ गोळ्या. छत्तीस गोळ्या हातात देऊन मोकळे होऊ नका. चौथ्या दिवशी बरे वाटते (खरे तर आधीही वाटतच होते) आणि पाकीट फळीवर जाते. आशाताईंमार्फत रोजची टिकमार्क ठेवा. सहा महिन्यांनी आणि वर्षाने रात्रीचा नमुना पुन्हा घ्या. घरातल्या सगळ्यांचा आणि शेजारच्या घरांचाही घ्या, कारण त्यांना चावणारे डास तेच आहेत.

पहिल्या एक-दोन दिवसांत ताप, डोकेदुखी, मळमळ, अंगदुखी होऊ शकते. बहुतेक वेळा ही मरणाऱ्या पिल्लांची प्रतिक्रिया असते, आणि जितके जंतू जास्त तितकी ती जोरात. पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती. काही पुरुषांना वृषणाजवळ दुखरी गाठ येते, ती प्रौढ कृमी मेल्याची खूण. हे आधीच सांगून ठेवा. आधी सांगितले तर तो घरच्यांनाही समजावतो. नंतर सांगितले तर तुम्ही सारवासारव करताय असे वाटते.

गर्भवती, २ वर्षांखालील मूल आणि गंभीर आजारी माणूस यांना देऊ नका. जो माणूस नोकरीसाठी मध्य किंवा पश्चिम आफ्रिकेत राहून आला आहे त्याला डीईसी देण्याआधी थांबा. तिथे लोआ लोआ आणि नदीकाठचा अंधत्व आणणारा ऑन्कोसर्का हे दुसरे कृमी आहेत. ते अंगात असताना डीईसीने मेंदूला किंवा डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. अशा रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवा. प्रौढ कृमींवर डॉक्सिसायक्लिनचाही परिणाम होतो, कारण ते कृमीच्या अंगातल्या वोल्बाकिया जीवाणूंना मारते. पण तो ४ ते ६ आठवड्यांचा, डॉक्टरांच्या देखरेखीतला उपचार आहे आणि ८ वर्षांखालील मुले व गर्भवतींसाठी नाही.

सगळ्या गावाला गोळी

एकेक जंतुधारक शोधून प्रसार थांबत नाही. प्रत्येक शोधलेल्यामागे न शोधलेले उरतात. म्हणून २००४ पासून देशातल्या बाधित जिल्ह्यांत वर्षातून एकदा सगळ्यांना एकच मात्रा देण्याची मोहीम सुरू झाली आणि २००७ पासून डीईसीसोबत अल्बेंडाझोल जोडले गेले. २ ते ५ वर्षे: डीईसी १०० मिलिग्रॅम. ६ ते १४: २००. १५ च्या पुढे: ३००. सगळ्यांना सोबत अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चावून. लहान मुलाला गोळी चुरून पाण्यातून द्या; अख्खी गोळी रडत्या मुलाच्या तोंडात घातली तर घशात अडकते.

नागपूर हा देशातल्या त्या पहिल्या पाच जिल्ह्यांपैकी एक जिथे २०१८-१९ मध्ये तिसरे औषध, आयव्हरमेक्टिन, जोडले गेले. ते उंचीने द्यायचे, ३ मिलिग्रॅमच्या गोळ्यांत: ९० ते ११९ सेंटिमीटर एक, १२० ते १४० दोन, १४१ ते १५८ तीन, १५९ आणि पुढे चार. ५ वर्षांखालील मुलांना, गर्भवतींना आणि बाळंतपणाच्या पहिल्या आठवड्यातल्या मातांना आयव्हरमेक्टिन नाही. उंचीची पट्टी जमिनीला टेकली आहे ना ते पाहा आणि चप्पल काढायला लावा. एका सेंटिमीटरने एक गोळी बदलते.

मोहीम फसते ती वाटलेल्या आणि गिळलेल्या गोळ्यांमधल्या अंतरात. समोर गिळून घ्या, बोटाला खूण करा, मगच नोंद करा. रिकाम्या पोटी देऊ नका. चक्कर आली की पुढच्या दहा घरांची दारे बंद. सकाळी लवकर गेलात तर लोक उपाशी भेटतात, संध्याकाळी जेवणानंतर जा. शीघ्र प्रतिसाद पथकाचा क्रमांक प्रत्येक आशाताईंच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

हिशेब दोन आकड्यांत ठेवा. गाव १,२०० चे, पात्र १,०८०, गिळणारे ७८०. पात्रांपैकी ७२ टक्के, एकूण लोकसंख्येपैकी ६५ टक्के. प्रसार थांबण्यासाठी मोजायचा तो दुसरा आकडा, आणि ६५ ही किमान पायरी. अहवालात नुसता पहिला लिहिला की गाव असते त्याहून चांगले दिसते. याहून महत्त्वाची एक नोंद बहुतेक ठिकाणी ठेवलीच जात नाही: ज्याने आजवर एकाही फेरीत गोळी घेतली नाही अशांची यादी. दरवर्षी नकार देणारी तीच तीस माणसे असतील तर टक्केवारी कितीही चांगली दिसो, जंतू त्यांच्याकडे सुरक्षित राहतात. त्यांच्याकडे नोंदवहीऐवजी गावातला त्यांच्या विश्वासाचा माणूस घेऊन जा.

सुजलेला पाय

पाय सुजला म्हणजे हत्तीरोगच असे नाही. दोन्ही पाय सारखे, बोट दाबल्यावर खड्डा, चेहऱ्यावरही सूज असेल तर हृदय आणि मूत्रपिंड तपासा. अचानक एक पोटरी सुजून दुखायला लागली तर शिरेतल्या गुठळीचा विचार आधी करा. दुसऱ्या पायबोटाच्या मुळाशी कातडीची चिमट येत नसेल तर लसिकासूज.

या रुग्णाचे हाल करतात ते वरचेवर येणारे झटके: थंडी वाजून ताप, जांघेत अवधाण, पाय लाल आणि आगीसारखा. झटका बहुधा कृमी आणत नाही. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांतून, भेगांतून शिरलेले जीवाणू आणतात. धानपट्टीत रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात दिवसभर उभे राहणाऱ्या बायांना ते म्हणूनच जास्त येतात. प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी उरते आणि कातडी जाड होते. झटके थांबले की पाय वाढणे थांबते. हे रुग्णाला पटवले तर निम्मे काम झाले.

रोजची शुश्रूषा रुग्णाच्या हातून एकदा करून घ्या, नुसती सांगू नका. टब, मग, साबण, मऊ पंचा, मलम. साधे, गार पाणी, गरम नको. साबण हातात फेसाळून गुडघ्यापासून खाली, प्रत्येक घडीत आणि प्रत्येक बेचक्यात. ब्रश किंवा दगड नको. निथळणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवा. मग टिपून कोरडे करा, चोळून नाही. बेचक्यांत सुती कापडाची पट्टी फिरवा. ओलावा राहिला तर धुण्याने तोटाच होतो. चिखल्यांना बुरशीनाशक मलम, जखमेला प्रतिजैविक मलम. धड पायही तपासा. झोपताना बाजेच्या पायथ्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. दिवसा टाचा उचलणे आणि घोटा फिरवणे, जमेल तितक्या वेळा. पायताण रुंद, पट्ट्याचे, हवा खेळणारे.

झटका आला असेल तर व्यायाम बंद, गार पाण्याच्या पट्ट्या, पाय उंच, पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी लिहिलेले प्रतिजैविक पूर्ण दिवस. अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम तीन वेळा, निदान आठवडाभर, असा सर्वसाधारण प्रघात. पेनिसिलिनची ॲलर्जी विचारल्याशिवाय मात्र देऊ नका. झटक्यात डीईसी सुरू करू नका. चटके, कडक शेक, ब्लेडने चिरा मारणे आणि पाल्याचे लेप यांनी नवी वाट उघडते, म्हणून ते स्पष्ट शब्दांत थांबवा.

अंडवृद्धी गोळ्यांनी उतरत नाही. सुईने पाणी काढले तर पुन्हा भरते आणि पू होण्याची भीती असते. खोकल्याबरोबर गोळा वाढतो का (हर्निया), टॉर्च लावल्यावर प्रकाश आरपार दिसतो का, ते पाहा आणि शस्त्रक्रियेच्या यादीत नाव घाला. पुरुष हे लपवतात. विचारणारा पुरुष आरोग्य सेवक असेल तर आकडा बदलतो.

प्रसार उरला आहे का

पुरेशा फेऱ्या झाल्यावर (दोन औषधांच्या किमान ५, तीन औषधांच्या किमान २, प्रत्येक वेळी ६५ टक्क्यांवर) निवडक आणि यादृच्छिक गावांत किमान ३०० जणांचे रात्रीचे नमुने घेतात. कुठल्याही गावात एमएफ दर १ टक्का किंवा जास्त आला की मोहीम चालू ठेवायची. सगळी गावे खाली असतील तर शेवटच्या फेरीनंतर किमान सहा महिन्यांनी प्रसार मूल्यमापन, म्हणजे टास. तीन औषधांच्या भागात आता २० वर्षांवरील प्रौढांच्या रक्तनमुन्यांवर भर आहे.

टासमध्ये ६-७ वर्षांच्या मुलांची पट्टी-चाचणी होते. ही मुले जन्मली तीच मोहिमेच्या काळात. त्यांच्यात कृमी सापडला तर तो अलीकडचाच. नमुना किती आणि दूषित किती चालतील हे आधी ठरलेले असते: १,६९२ मुलांचा नमुना असेल तर २० पर्यंत. २१ वे मूल सापडले की नापास. उत्तीर्ण झाल्यावरही दोन-तीन वर्षांच्या अंतराने आणखी दोनदा. गोव्यात आणि पुदुच्चेरीत मोहीम अशीच थांबली. श्रीलंका २०१६ मध्ये आणि बांगलादेश २०२३ मध्ये मुक्त ठरले. भारताने स्वतःपुढे २०२७ ठेवले आहे. प्रत्येक दूषित मुलाच्या घराभोवतीच्या सगळ्या घरांची तपासणी करा. एका गल्लीत तीन सापडली आणि बाकी जिल्हा स्वच्छ असेल, तर सरासरीने आनंदून जाऊ नका, ती गल्ली पाहा.

डास हा दुसरा साक्षीदार. सकाळी ६ ते ८ च्या दरम्यान अंधाऱ्या कोपऱ्यांतून, टांगलेल्या कपड्यांमागून चोषणनळीने माद्या गोळा करा आणि त्याच दिवशी विच्छेदन करा. डोके, छाती आणि पोट मिठाच्या पाण्याच्या तीन वेगळ्या थेंबांत उघडा. छातीतली आखूड, जाड अळी म्हणजे संसर्ग; डोक्यात-सोंडेत वळवळणारी दीड मिलिमीटरच्या आसपासची तिसरी अवस्था म्हणजे संसर्गक्षम डास. दोन्ही दर वेगळे लिहा. थेंब सुकू दिला तर अळी हलत नाही आणि नजरेतून सुटते.

रोग कमी झाला की हजार डास फाडूनही काही सापडत नाही, तेव्हा जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी लागते. त्यासाठी अंडी घालायला निघालेल्या माद्यांचा सापळा वापरा. तिने रक्त नक्की प्यालेले असते. आमिष म्हणजे गवत किंवा धानाचे तणीस पाण्यात पाच-सात दिवस आंबवलेले, वास येईल असे. सापळा शौचालयाच्या टाकीजवळ, सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला ठेवा. डास लगेच वाळवून सिलिका जेलमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये, २० ते २५ च्या गटांनी, गाव आणि तारीख लिहून. दूषित गटांना एकूण डासांनी भागून दर काढू नका. एका गटात दूषित डास एक की चार हे कळत नाही, त्यासाठी वेगळे संख्याशास्त्रीय सूत्र आहे. आणि पीसीआर दूषित म्हणजे डासाने जंतू प्यायला एवढेच. तो पुढे देऊ शकत होता असे नाही.

तरीही दूषित गट आला तर अर्थ सरळ आहे: त्या सापळ्याच्या आसपास कोणाच्या तरी रक्तात पिल्ले आहेत. वस्तीच्या तुंबलेल्या नाल्या आणि शौचालयांच्या टाक्या पाहा, व्हेंट पाइपला जाळी बसवा, फुटलेली झाकणे बदलून घ्या. मग गोळी कधीच न घेतलेल्यांची ती यादी आणि मजुरांच्या झोपड्यांची यादी बाहेर काढा, आणि रात्री साडेआठला पहिल्या दारावर थाप मारा.